पाण्याविना घाट

कापड पाच वार होते, रंग एका डब्याचा होता, आणि 'सह्यगिरी' या शब्दातील 'गि' ऱ्हस्व लिहावा की दीर्घ, यावर झुंबरलालशेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर भल्या सकाळी पाऊण तास वाद चालला होता.

"गिरी म्हंजी डोंगर. डोंगर केवढा असतो? म्हणून दीर्घ," अमृतने चौदाव्या वर्षाच्या अधिकाराने निकाल दिला.

"मुंगी केवढी असती रे दादा?" दहा वर्षांच्या समृद्धीने विचारले. "मग तिला का दीर्घ देतोस?"

अखेर गादीवर बसलेल्या झुंबरलालशेठनी चष्मा न काढता सांगितले, की पहिली वेलांटी द्या, आणि कुंचला धुऊन जागेवर ठेवा. शेठचा नातू पीयूष आधीपासून हेच म्हणत होता. परंतु तो बारा वर्षांचा असल्याने त्याचे कोणी ऐकले नव्हते. वेलांटी पहिली पडली, आणि 'सह्यगिरी, कळंब तुमच्यासंगं हाय' असा फलक सिद्ध झाला.

या सगळ्या गलबल्यात अमृतची चुलतबहीण आणि समृद्धीची थोरली बहीण स्नेहल मात्र एक शब्दही बोलली नव्हती. ती ओट्याच्या कडेला नवा कोरा फुटबॉल मांडीवर घेऊन बसली होती.

सह्यगिरी हा पुण्याचा फुटबॉल संघ. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत या चौघांनी त्याचा एक सामना पाहिला, तो सह्यगिरीने जिंकला, आणि चौघे त्या दिवसापासून त्याचे झाले. भक्ती अशीच जडते. तिला पुढचे ठाऊक नसते. या हंगामात सह्यगिरी ओळीने अकरा सामने हरला. नाशिकच्या शेवटच्या सामन्यानंतर संघ कायमचा बंद करण्यात येईल, असे मालकांनी जाहीर केले. तो शेवटचा सामना आज सायंकाळी पाच वाजता होता, आणि नाशिककडे जाणारी संघाची बस कळंबवरून जाणार होती.

इतरांना आपल्या खेळाडूंना एकदा डोळे भरून पाहायचे होते. स्नेहलला क्षमा मागायची होती.

ती स्वतः शाळेच्या संघात गोल राखायची. सह्यगिरीचा गोलरक्षक भरत चौगुले हा तिचा आदर्श. त्याच्यासारखीच ती बोटांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळी. फेब्रुवारीत एका सामन्यात भरतने पाच गोल खाल्ले, तेव्हा रागाने तिचे डोके फिरले. आईच्या मोबाईलवरून तिने संघाच्या पानावर एक वाक्य लिहिले: 'या गोलकीपरपेक्षा जाळ्यापुढं बुजगावणं उभं करा. ते निदान कावळे तरी अडवील.'

सकाळपर्यंत त्या वाक्याला नऊ हजार माणसे हसली होती. दुसऱ्या दिवशी स्नेहलने ते अमृत, पीयूष आणि समृद्धीला मिरवून सांगितले. पुढच्या सामन्यात मात्र प्रेक्षकांनी पेंढ्याचे बुजगावणे आणले, त्याला गोलरक्षकाचा पोशाख चढवला, आणि जाळ्यामागे उभे करून ते नव्वद मिनिटे भरतच्या नावाने ओरडत राहिले. एकदा छायाचित्रात दोघेही दिसले, पुढे भरत, मागे ते बुजगावणे. स्नेहलने मोबाईल पालथा ठेवला, आणि त्या रात्री ती जेवली नाही. त्यानंतर त्या माणसाच्या हातून चेंडू सुटतच गेले. ते वाक्य कोणाचे, हे या तिघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते.

आज बस थांबेल, तो खाली उतरेल, आणि आपण त्याला सांगू. आज नाही तर कधीच नाही. एवढाच तिचा बेत होता.

सकाळी सातपासून चौघे कळंबच्या एसटी थांब्यावर फलक ताणून उभे होते. ग्रामपंचायतीचा भोंगा मध्येच खरखरला. डिंभे धरणाचे पाणी नदीत सोडले आहे, ते अकराच्या सुमारास कळंबला पोचेल, कोणी नदीत उतरू नये, जनावरे धुवायला नेऊ नयेत. दर उन्हाळ्यात ऐकू येणारी ती सूचना मुलांच्या एका कानातून आत शिरली आणि दुसऱ्यातून बाहेर पडली. आठ वाजले, नऊ वाजत आले. मे महिन्याचे ऊन डांबरावरून वर चढू लागले.

तेवढ्यात नारायणगावच्या बाजूने एक उंच तरुण चालत आला. डोक्याला टोपी, तोंडाला बांधलेला रुमाल, खांद्याला पिशवी. तो स्नेहलपाशी थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, हितं घाट कुठं हाय?"

स्नेहलची नजर रस्त्यावर खिळलेली होती. ती न काढताच तिने हात केला. "ती शाळा दिसती ना? तिच्या मागनं वर जा. पण आज काय न्हाई तिथं."

"काय नसलेलंच बरं," तो म्हणाला, आणि गेला.

जाताना पिशवीचा पट्टा सावरणारी त्याची बोटे तिला ओझरती दिसली. दहांपैकी सहांना पांढऱ्या पट्ट्या होत्या. डोळ्यांनी ते पाहिले. मनापर्यंत ते पोचले नाही.

पाच मिनिटांनी अमृतने थोरल्या भावाकडून आणलेल्या मोबाईलमध्ये संघाचे पान उघडले आणि तो मटकन खाली बसला. पानावर खेळाडू मिसळ खात असल्याचे छायाचित्र होते. मागे हॉटेलची पाटी होती. ते हॉटेल नवा रस्ता गावाबाहेरून वळसा घालून जुन्या रस्त्याला जिथे मिळतो तिथले. छायाचित्र तासापूर्वीचे होते. नाशिकचा रस्ता म्हणजे गावातून जाणारा रस्ता, हे चौघांनीही जन्मापासून इतके गृहीत धरले होते, की नवा रस्ता झाल्यावर गाड्या गावात शिरत नाहीत, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानी आली नव्हती.

पीयूषने फलकाची घडी घातली. समृद्धी रडू लागली. स्नेहल रडली नाही. रडण्याने जे हलके होते, ते तिच्यापाशी नव्हते.

मुले दुकानाकडे परतली. पाऊण तासाने एक मोटार करकचून थांबली आणि तीतून घामाघूम झालेला एक गृहस्थ उतरला. तो सह्यगिरीचा व्यवस्थापक होता. त्याने जे सांगितले, ते ऐकून ओट्यावरची माणसे चकित झाली. न्याहारी करून बस निघाली, तेव्हा त्याने डोकी मोजली नाहीत. मागच्या बाकावर एका मोठ्या पिशवीवर कोणीतरी टोपी ठेवली होती, तिलाच तो झोपलेला भरत चौगुले समजला. नारायणगावला पोचल्यावर मोबाईलवर निरोप आला, तेव्हा त्याला कळले. दुसऱ्या गोलरक्षकाचे बोट मोडून प्लास्टरमध्ये होते. भरत नसेल, तर शेवटचा सामना खेळताच येणार नव्हता. आणि त्याहून मोठी चिंता वेगळीच होती. मुलगा गेले दोन महिने कोणाशी धड बोलत नव्हता, जेवत नव्हता.

त्याने निरोप वाचून दाखवला. "आज मी खेळणार नाही. घाटावर जाऊन जरा बसतो. तुम्ही पुढं व्हा." त्यानंतर फोन बंद होता.

स्नेहलच्या डोळ्यांपुढे ती सहा बोटे उभी राहिली. तो तिच्यासमोर उभा होता, हाताच्या अंतरावर होता, आणि तिने त्याच्याकडे पाहिलेही नव्हते.

ती म्हणाली, "काका, मी त्यांना बघितलंय."

पण मोठी माणसे तोवर घाटाच्या चर्चेत बुडाली होती. व्यवस्थापक पुण्याचा, घाट म्हणजे वळणांचा रस्ता, एवढेच त्याला ठाऊक. जवळचा घाट कोणता, तर मागे राहिलेला खेडचा. भरत मिळेल त्या गाडीने तिकडेच परत गेला असणार, हे त्याने ठरवूनही टाकले. स्नेहलचे आजोबा सयाजीआबा यांना हे हास्यास्पद वाटले. या मुलखात घाट म्हटले की तो बैलगाड्यांचा. जत्रेत ज्या चढावर बैलांच्या शर्यती धावतात, ती लांबलचक धाव. आबांचे अर्धे आयुष्य त्या धुळीत गेले होते. स्नेहलने दुसऱ्यांदा सांगून पाहिले, तिसऱ्यांदा व्यवस्थापकाची बाही ओढली.

"बाळ, मोठी माणसं बोलतायत ना," तो म्हणाला, मोटारीत बसला, आणि खेडच्या दिशेने निघून गेला.

आबा आणि आणखी दोघे मोटारसायकलींवर बैलगाड्यांच्या घाटाकडे गेले. दहा मिनिटांत परतले. घाटात चिटपाखरू नव्हते. म्हणजे पाहुणा खेडलाच गेला असणार, असे ठरले, आणि चहा सांगण्यात आला.

"आबांनी खालूनच बघितलं असंल," पीयूष हळूच म्हणाला. "गाडीवरनं उतरले बी नसतील. वर लिंबाखाली कोण बसलंय ते खालनं दिसत न्हाई."

चहाचे कप ओट्यावर यायच्या आत चौघे पसार झाले होते. फलक पीयूषच्या काखेत राहिला होता आणि चेंडू स्नेहलच्या हातात. ठेवायला कोणाला सवड झाली नव्हती.

घाटाच्या माथ्यावर कडुनिंबाच्या सावलीत जानकूबाबा बसले होते. जत्रा संपली, की पावसापूर्वी धावेवरचे दगड वेचण्याचे काम गेली तीस वर्षे त्यांच्याकडे होते. मुलांनी धापा टाकत विचारले. बाबांनी आधी कपाळाचा घाम पुसला, मग तंबाखूची डबी बंद केली, मग बोलायला सुरुवात केली. त्यांना घाई करणे कोणाला कधी जमले नव्हते.

"आला व्हता की एक पावणा. ताडासारखा उंच. हितं उभा राहिला, खाली बघितलं, वर बघितलं. मला म्हणला, बाबा, घाट कुठं हाय? म्या म्हणलं, लेकरा, तू घाटातच उभा हायस. तवा लई येळ माझ्याकडं बघत राहिला. मंग म्हणला, आन् पाणी?"

"मग?" अमृतने विचारले.

"मंग काय? मला वाटलं, तहान लागली. म्या तांब्या दिला. प्याला, पाया पडला, आन् गेला."

समृद्धीला हसू आले. घाटात पाणी कोण शोधतो, असे ती म्हणाली. अमृतही हसला. स्नेहल हसली नाही. ती त्या कोरड्या, धुळीने भरलेल्या धावेकडे पाहत होती, आणि तिला संघाच्या पानावरची एक जुनी चित्रफीत आठवत होती. भरत चौगुले मूळचा कोल्हापूरचा. त्याचे वडील पंचगंगेच्या घाटावर, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर उभे राहून त्याच्याकडे चेंडू फेकत, आणि तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहून झेलत असे. तिथेच तो पोहायला शिकला, तिथेच झेल घ्यायला शिकला.

एकच शब्द, परंतु शब्दालाही गाव असते. पुणेकराच्या घाटात वळणे, कळंबकराच्या घाटात बैल, आणि कोल्हापूरकराच्या घाटाला पाणी. कळंबलाही नदीकाठी महादेवाच्या देवळाखाली पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. पण बैलांनी तो शब्द आधीच अडवून ठेवला असल्याने गावात त्यांना घाट कोणीच म्हणत नसे. त्यांचे नाव नुसते 'पायऱ्या'.

"नदीवर गेलेत ते," स्नेहल म्हणाली.

आणि त्याच क्षणी चौघांनाही सकाळचा भोंगा आठवला. अमृतने मोबाईल पाहिला. अकराला वीस मिनिटे कमी होती.

अमृत माणसांना बोलवायला गावाकडे पळाला. बाकीचे तिघे शेताच्या बांधावरून नदीच्या दिशेने सुटले. काकडीच्या वेलांतून, ठिबकच्या नळ्यांवरून, एका कुत्र्याच्या अंगावरून. समृद्धीची चप्पल चिखलात राहिली. ती मागे वळली नाही. स्नेहलच्या मनात एकच विचार घणासारखा पडत होता. त्याला घाट विचारायला लावणारे कोण? त्याला बसमधून उतरायला लावणारे कोण?

नदीवर एकही माणूस नव्हता. एरवी यावेळी कपडे धोपटण्याचा आवाज देवळापर्यंत येत असे. आज सारा गाव भोंगा ऐकून शहाणा झाला होता, आणि म्हणूनच परक्याला सावध करायला तिथे कोणी उरले नव्हते.

पायऱ्यांवर एक पिशवी होती. नदीत पाणी घोट्याइतके, आणि पात्राच्या मध्यावर एका सपाट काळ्या खडकावर तो पाठमोरा बसला होता. टोपी काढलेली, कानांत गाणी ऐकायच्या वायरी. मुलांनी हाका मारल्या. त्याने मान वळवली नाही. वरच्या अंगाने, वळणापलीकडून, पेंढा ओढत न्यावा तसा एक घरघराट ऐकू येऊ लागला होता.

"पाण्यात न्हाई उतरायचं," पीयूषने समृद्धीचा दंड धरला. "कोणीच न्हाई."

स्नेहलने चेंडू पायरीवर ठेवला. त्यावर तिला सह्यगिरीच्या खेळाडूंच्या सह्या घ्यायच्या होत्या. अजून त्याला कोणी पाय लावला नव्हता. चार पावले मागे जाऊन, गोलपुढून चेंडू मारतात तसा, तिने तो मारला.

तो पाण्यावरून गेला आणि धप्पकन भरतच्या पाठीत बसला. तेथून उसळून नदीत पडला.

भरत संतापाने उठला आणि वळला. तिघेजण हात फिरवत होते. तिघांचीही बोटे एकाच दिशेला होती. त्याने तिकडे पाहिले.

पाणी आले ते उंच लाटेसारखे नव्हे. तांबूस, फेसाळ, काटक्या, पाचोळा आणि बाटल्या पुढे ढकलत आले. दिसायला संथ, पण थांबवता न येणारे. पहिल्यांदा चेंडू दिसेनासा झाला. खडकाच्या भोवती पाणी फिरले. भरतने पुढच्या दगडावर उडी घेतली, तेथून तिसऱ्यावर. पाय निसटून तो पाण्यात पडला. पंचगंगेत पोहलेला माणूस; परंतु जिथे पाणी कमरेइतके आणि तळाशी नुसते दगड, तिथे पोहण्याची विद्या काय कामाची? तो उठला, पुन्हा पडला, पायऱ्यांपासून तीन हातांवर एका कपारीला धरून राहिला.

पीयूषने फलक उलगडून पीळ घातला. त्याचे एक टोक पायरीतल्या लोखंडी कडीत ओवले आणि गाठ मारली. कापडाच्या गठ्ठ्यांना गाठी मारणाऱ्या घराण्यातला तो मुलगा; ती गाठ सुटणारी नव्हती. दुसरे टोक स्नेहलने फेकले. पहिल्यांदा ते हुकले. दुसऱ्यांदा सहा पांढऱ्या बोटांनी ते पकडले. तिघांनी मिळून ओढले. कापड मध्येच टरकन फाटले, पण किनार टिकली, आणि सह्यगिरीचा गोलरक्षक वरच्या पायरीवर पालथा येऊन पडला. ओला रंग त्याच्या तळहातांना लागला होता.

खालच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या.

"बॉल पाठीला लागला," शेवटी तो म्हणाला. तो हसण्याचा प्रयत्न करत होता. "बघितलंस न्हवं? ह्यो पण अडवला न्हाई मी."

स्नेहलने ठरवलेली वाक्ये कुठल्या कुठे गेली. "ते बुजगावण्याचं," ती म्हणाली, "ते मी लिहिलं व्हतं."

त्याचे हसू थांबले. पीयूषने मान खाली घातली.

"तू?"

"आईच्या मोबाईलवरनं."

"किती वर्साची हायस?"

"तेरा."

"मला वाटलेलं, कोण तरी मोठा माणूस असंल," भरत नदीकडे पाहत म्हणाला. "त्याला कधी गाठ पडली तर विचारणार हुतो, की बाबा, मी तुझं काय वाईट केलेलं?"

तिने दोन्ही हात जोडले. क्षमा करा, एवढेच ती म्हणाली.

त्याने बोटावरची भिजून सुटलेली पट्टी पुन्हा गुंडाळली. मग म्हणाला, "माफ केलं म्हणलो, तर आत्ता ते खोटं हुईल. मला काढलंस पाण्यातनं, ते मी विसरणार न्हाई. पण माझ्या आईनं ते वाचलंय. ती शेजाऱ्यांत जाईनाशी झालीया."

तेवढ्यात अमृत माणसे घेऊन आला. सयाजीआबांच्या खांद्यावर दोरखंड होता, आणि एकाच्या हातात गडबडीत चहाचा कप तसाच राहिला होता. मोठ्यांना एकदम बोलायचे होते आणि कोणाला काय विचारावे ते सुचत नव्हते. झुंबरलालशेठनी मात्र काही न विचारता दुकानातून नवे पायजमा-सदरे मागवले. पायजमा भरतच्या पोटऱ्यांपर्यंतच आला. खेडच्या घाटातले प्रत्येक वळण तपासून व्यवस्थापक परतला, तेव्हा त्याने आधी देवाला आणि मग मुलांना नमस्कार केला. खेळणार का, हे विचारण्याचे धाडस त्याला होईना. भरतने स्वतःच विचारले, की नाशिक किती लांब आहे.

"खेळतो," तो म्हणाला. "न्हाई खेळलो तर आईला काय सांगू?"

मोटारीत बसताना त्याने चौघांकडे पाहून हात केला. तो आपल्यासाठीही होता की उरलेल्या तिघांसाठी, हे स्नेहलला कळले नाही.

सायंकाळी सारा ओटा एका मोबाईलभोवती गोळा झाला. भरत चौगुलेने त्या दिवशी जे केले, ते पाहून फुटबॉल म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या म्हाताऱ्यांनीही मांड्या थोपटल्या. त्याने सहा चेंडू अडवले. एक तर आडवा झेपावून, बोटांच्या टोकांनी. ऐंशी मिनिटे जाळे कोरे राहिले. मग त्याच्याच एका सहकाऱ्याच्या पायाला लागून चेंडू दिशा बदलून आत गेला. त्यात त्याचा दोष नव्हता. पण हरायचे ते हरलेच. सह्यगिरी बारावा सामना हरला, आणि संपला. खेळाडू मैदानाबाहेर जात असताना गर्दीतून कोणीतरी ओरडले. शब्द स्पष्ट ऐकू आला. बुजगावणं.

स्नेहल उठून घरी गेली. तिने चार वेळा लिहून खोडले, पाचव्यांदा नीट लिहिले. ते वाक्य माझे होते, मी चुकले, यापुढे त्यांना कोणी त्या नावाने हाक मारू नये. संघाच्या पानावर ते टाकायला गेली, तर पान नव्हते. संघाबरोबर त्याचे पानही मिटवण्यात आले होते. तिचे वाक्य मात्र शेकडो इतर ठिकाणी तसेच होते. ते परत घ्यायला आता जागाच उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या पटांगणात चौघांचा सत्कार झाला. जानकूबाबा पहिल्या रांगेत होते. सरपंच सरूबाईंनी एकेकाला नारळ दिला. पीयूषच्या गाठीचे कौतुक झाले, अमृतच्या पळण्याचे झाले, समृद्धीला नवी चप्पल मिळाली. मग सरूबाई म्हणाल्या, की आम्ही म्हातारी-कोतारी एका शब्दाचे एकेक टोक धरून बसलो आणि माणूस बुडायला निघाला; या पोरीने शब्दाचा अर्थ जाणला म्हणून एक जीव वाचला. टाळ्या झाल्या. आबा मिशीवर हात फिरवत होते. स्नेहलने दोन शब्द बोलावेत, अशी सूचना आली.

तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला. समोर सारा गाव होता. संघाचे पान नव्हते, पण हे एवढे पटांगण होते.

"घाट हा शब्द त्यांचा व्हता," ती म्हणाली. "माझा शब्द दुसरा हाय. बुजगावणं. ते मी लिहिलं. त्या शब्दामुळंच ते बसमधनं उतरले, आन् नदीत जाऊन बसले. मी त्यांना वाचवलं न्हाई. मी त्यांना तिथं धाडलं व्हतं."

तिचे डोळे खाली होते म्हणून तिला दिसले नाही; पण ज्यांनी ते वाक्य वाचून पोट धरून हसत पुढे धाडले होते, अशी निम्मी माणसे समोर बसली होती. तीही आता जमिनीकडे पाहत होती.

जानकूबाबा काठी टेकत उभे राहिले. "येवढ्या जनात उभं राहून आपली चूक सांगायची," ते म्हणाले, "सत्तर वर्सांत मला एकदा बी जमलं न्हाई." आणि ते पुन्हा बसले.

सयाजीआबा व्यासपीठापाशी आले. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तो जड होता. "मघाशी मला नुसता आनंद झाला व्हता," ते म्हणाले. "आता अभिमान वाटतो."

कौतुकाचे ते बोल स्नेहलने ऐकले. ते खरे होते, हेही तिला समजले. पण ज्या घरात ते ऐकू जायला हवे होते, ते इथून फार दूर होते. तिने हातातला नारळ दुसऱ्या हातात घेतला.

"आबा, कोल्हापूरची एष्टी कधी असती?"

"कशाला गं?"

"त्यांच्या आईला भेटायचंय."

आबांनी तिच्याकडे पाहिले. ती बाई दार उघडेल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि तसे खोटे आश्वासन त्यांनी दिले नाही.

"पहाटंची हाय," ते म्हणाले. "मी येतो संगं."